शेटाने पोफळीवर चढू नये

श्रीवर्धन, कार्तिक वद्य पंचमी, सन १९६१

तीर्थस्वरूप भागोजीदादा यांच्या पायांशी हिरामणचा दंडवत पोहोचो. नीरावहिनींचा गुडघा कसा आहे? वैद्याने दिलेले तेल गुडघ्याला लावतात, की अजून देवापुढच्या दिव्यात घालतात? तुमच्या परसातल्या सात पोफळी यंदा कशा धरल्या आहेत? (हे आपले सहज विचारले.) इकडे सर्व खुशाल आहे. (हे रिवाज म्हणून लिहिले.)

माझ्या कंपनीविषयी तुम्ही ऐकले असेलच. पूर्वी मी एकटा होतो. एखाद्या वाडीतून बोलावणे आले की पायात अडकवायचा काथ्याचा दोर खांद्यावर टाकायचा आणि सुपारी काढायला निघायचे. एका पोफळीचा शेंडा गाठला की झोका घेऊन शेजारची धरायची. जमिनीला पाय न लावता वीस-वीस झाडे करायचो. खाली तुमची बहीण सुपाऱ्या वेचायची. आमच्या धंद्याची रीत तुम्हांला ठाऊक आहे. वरचा माणूस झावळ्यांत दिसत नाही, म्हणून खालच्याने दर झाडाला एकदा हाक द्यायची. तुळशी ओरडायची, ‘हायस न्हवं?’ मी वरून म्हणायचो, ‘हाय गो!’ बारा वर्षे आमचा संसार बहुतेक एवढ्याच बोलण्यावर चालला, आणि बरा चालला.

मग माझी ग्रहदशा सुधारली. कामे वाढली म्हणून भिकूला घेतले, मग त्याच्या दोन भावांना, आणि बघता बघता अकरा गडी झाले. ‘हिरामण आणि मंडळी, सुपारी काढणारे’ अशी पाटी लागली. (रंगाऱ्याने ‘मंडळी’ एवढे मोठे काढले की ‘हिरामण’ कोपऱ्यात अंग चोरून उभा आहे.) दिवेआगरपासून हरिहरेश्वरापर्यंत आमचेच गडी. जिथे मला बांधावर पाणी मिळायचे तिथे ओटीवर खुर्ची मिळू लागली. शेट झालो म्हणून कोट घेतला, कोट घेतला म्हणून छत्री घेतली, आणि शेटाची बायको सुपाऱ्या वेचत नाही म्हणून तुळशीला घरी बसवले. दसऱ्याला गड्यांनी माझ्या दोराची पूजा केली आणि काचेच्या चौकटीत घालून, वर हार चढवून, तो भिंतीवर टांगला. जिवंतपणीच माझा अर्धा फोटो लागला म्हणा ना.

तुळशीची सवय मात्र जाईना. मी ओटीवर व्यापाऱ्यांशी बोलत असलो तरी आतून हाक यायची, ‘हायस न्हवं?’ मला लाज वाटायची, दादा. चारचौघांत ओरडत जाऊ नकोस, म्हणून मी तिला एकदा चांगले दटावले. तेव्हापासून तिने विचारले नाही. विचारले ते एकदाच, या आषाढात, तापाच्या पाचव्या दिवशी, भर दुपारी. मी एका व्यापाऱ्याला पान लावून देत होतो. म्हटले, एवढे पान होऊ दे, मग जाऊ. आत जाऊन मी ‘हाय’ म्हणालो तेव्हा ऐकायला ती नव्हती. तुम्ही दहाव्याला आलात तेव्हा हे सांगायचा मला धीर झाला नाही.

परवा हंगामाची पहिली वाडी होती. गडी वर, मी खाली छत्री उघडून उभा. काय झाले कोण जाणे, छत्री ठेवली, भिकूच्या एका भावाचा जादा दोर उचलला आणि कोटासकट चढलो. धोतराचा सोगा पायात आला, कोट तोंडावर आला, तरी शेंडा गाठला. वर बसून वाट पाहिली. कुणी हाक दिली नाही. गडी भराभर उतरले आणि खाली माना वर करून उभे राहिले. शेवटी भिकू म्हणाला, ‘शेट, उतरा आता. लोकं म्हनतील, कंपनी बुडाली, शेटच झाडावर चढतंय!’ आणि झालेही तसेच. दिवस मावळायच्या आत गावभर झाले की हिरामणचे दिवाळे निघाले, गडी ठेवायची ऐपत उरली नाही. दोघा वाडीवाल्यांनी काम काढून घेतले, आणि येसूबाई म्हातारीने मायेपोटी पायलीभर तांदूळ पाठवले. (तांदूळ चांगले निघाले.) आता अकरा घरांच्या चुली माझ्या न चढण्यावर पेटतात. पुन्हा झाडाला हात लावणार नाही अशी भिकूने माझ्याकडून त्या टांगलेल्या दोराची शपथ घेतली आहे.

बाकी सर्व ठीक. काळजी नसावी.

तुमचा,
हिरामण

ता. क. मार्गशीर्षात दिघीला कंपनीची दुसरी शाखा उघडतो आहे. नारळ तुमच्या हातून फुटावा अशी इच्छा आहे.

आणखी ता. क. शाखेचे निमित्त आहे. दिघीहून होडीत बसले की आगरदांड्याला तुमच्या दारात, आणि तिथे मला शेट म्हणून कुणी ओळखत नाही. तुमच्या सात पोफळींना तोवर कुणाला हात लावू देऊ नका. नवा दोर मी चोरून वळून ठेवला आहे. (शपथ जुन्या दोराची होती.)

शेवटचे. आमच्या लग्नात तुमच्या बारीक आवाजाची नक्कल करून मी सारे वऱ्हाड हसवले होते, त्याची माफी असावी. तुमचा आवाज थेट तिच्यासारखा आहे, दादा. मी वर गेलो की खाली उभे राहा आणि दर झाडाला एकदा विचारा. सातदाच. मी लगेच उत्तर देईन.