फोडणी खालच्या मजल्यावर

मी, भाग्यश्री सौरभ देवस्थळी, वय ३४, व्यवसाय सॉफ्टवेअर तपासणी, राहणार कोथरूड, पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. केमोथेरपीत केस गेले, बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. सहाही केमो पूर्ण झाल्या असून गेल्या आठवड्यातील तपासणीत आजार आढळला नाही. तेव्हा हा कागद लवकर लागेल असे दिसत नाही. तरीही तो बदलणे आवश्यक आहे.

१. पहिल्या केमोच्या आदल्या दिवशी केलेले मृत्युपत्र मी रद्द करते. माझे पती हयात नाहीत. त्या मृत्युपत्रात आमची मुलगी स्वराली, वय ८, हिची पालक म्हणून मी माझी बहीण नम्रता, राहणार अमरावती, हिला नेमले होते. सासूबाई श्यामला याच घरात राहत असूनही त्यांचे नाव मुद्दाम टाळले होते. 'काहींना ऑफिसातून आल्या-आल्या आयतं ताट मिळतं,' हे त्यांचे वाक्य मी विसरले नव्हते.

२. बदलाचे कारण नोंदवते. दुसऱ्या केमोनंतर सासूबाई रोज संध्याकाळी साडी बदलून स्वरालीला खालच्या मजल्यावर कुसुमताईंकडे जेवायला नेऊ लागल्या. आल्यावर पुन्हा साडी बदलत. मला वर दहीभात आणि उकडलेला बटाटा. मी समजले, मुलीला आत्तापासूनच माझ्याशिवाय जेवायची सवय लावत आहेत. मी विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही.

चौथ्या केमोनंतर मी जिना उतरून गेले. कुसुमताईंच्या गॅसवर सासूबाई आमटीला फोडणी देत होत्या.

"अहो आई, माझी मुलगी माझ्या घरी जेवेल."

"जेवू दे की. आधी तू या मोहरीपाशी उभी राहून दाखव."

फोडणीच्या वासाने मला उभे राहता आले नाही. ओकून बाहेर आले, तेव्हा स्वराली म्हणाली, "आई, म्हणून तर आजी साडी बदलते. वास वर यायला नको."

"सांगायचं तरी!" मी सासूबाईंना म्हणाले.

"तू विचारायचंस तरी."

चुका शोधणे हा माझा व्यवसाय आहे. या चुकीत निम्मा वाटा माझा.

३. माझ्या पश्चात स्वरालीच्या पालक श्यामला देवस्थळी राहतील. त्यांना जमेनासे झाल्यास नम्रता. तिला कळवले आहे.

४. सदनिका, भविष्य निर्वाह निधी व माझा लॅपटॉप स्वरालीला. सदनिकेत राहण्याचा सासूबाईंचा हक्क तहहयात राहील. दुधीच्या रसाने कर्करोग जातो, असे पुस्तक आणून देणारे दीर गंधार यांना ते पुस्तक परत.

५. हा मसुदा मी सासूबाईंना वाचून दाखवला.

"सही कुठे करू?"

"तुम्हाला यात हक्क मिळतोय आई, तुमची साक्ष चालत नाही. फक्त मंजूर आहे का, सांगा."

त्या म्हणाल्या, "लिही. पण जायचा नंबर आधी माझा आहे. मध्ये घुसायचं नाही."

ही अट मी मान्य केली आहे.

स्थळ: पुणे
दिनांक: १४ ऑगस्ट २०२५
सही: भाग्यश्री सौरभ देवस्थळी

आम्हा दोघांच्या समक्ष सही झाली:
१. कुसुम दशरथ भालेराव, खालचा मजला
२. श्रीनिवास आपटे, सचिव, गृहनिर्माण सोसायटी