मधल्या भिंतीवरचं वाक्य

मंगळवार, ११ तारीख

तीर्थरूप दादास,

नमस्कार. साष्टांग घालणार होते, पण गुडघा ऐकत नाही आणि या आठवड्यात मनही ऐकत नाही. इकडे सगळे ठीक. स्वयंपाकघरातला नळ गळतोय. तुझे मेहुणे तो स्वतःच दुरुस्त करणार म्हणून हटून बसलेत, म्हणजे लवकरच नळ जाईल आणि बादली राहील. वहिनीचा खोकला कसा आहे? तिला म्हणावं, दादाची प्रवचनं अर्ध्यावर सोडून घरी जाऊन झोपत जा, आपोआप बरं वाटेल.

शनिवारी फोनवर तू म्हणालास, "ठमे, एका वाक्यासाठी नोकरी घालवतेस?" आणि माझं उत्तर यायच्या आत फोन ठेवलास. म्हणून लिहिते. पत्र मधेच तोडता येत नाही. फाडता येतं, पण आधी वाच.

आमच्या संग्रहालयाचं नवं दालन रविवारी उघडतंय. विषय, जीव कसा सुरू झाला. डाव्या भिंतीवर देशोदेशीच्या श्रद्धांनी सांगितलेलं: कुणी मातीतून, कुणी अंड्यातून, कुणी परमेश्वराच्या नुसत्या शब्दातून. उजव्या भिंतीवर शास्त्राचे पुरावे: जुने खडक, समुद्रतळाचे उकळते झरे, चंबूत केलेले प्रयोग. आणि मधल्या अरुंद भिंतीवर मी लिहिलं: "निर्जीव रसायनांपासून पहिला जीव नेमका कसा घडला, हे अजून कुणालाही पक्कं ठाऊक नाही. शोध चालू आहे."

झालं! सल्लागार दोन. शास्त्राकडून प्राध्यापक, धर्माकडून तू. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे तुम्ही, या वाक्याविरुद्ध मात्र सख्ख्या भावांसारखे एक झालात. प्राध्यापक म्हणाले, "बाई, 'ठाऊक नाही' म्हटलंत की त्या फटीतून तुमचे बंधू आत शिरतील." तू म्हणालास, "'शोध चालू आहे' म्हटलंस की लोकांना वाटेल, आम्हाला सापडलेलंच नाही." दोघांनी तेच वाक्य खोडलं आणि वर आपापलं लिहिलं.

आमच्या साहेबांना तर कुणाचंच मन मोडवत नाही. त्यांनी मला न विचारता दोघांची वाक्यं जोडून फलक छापून आणला: "पहिला जीव रसायनांपासून आपोआप घडला, ही परमेश्वराची योजना होय." दादा, आपोआप आणि योजना, एका दमात! म्हणजे गाडी ड्रायव्हरशिवाय चालली आणि ड्रायव्हरने ती फार छान चालवली. साहेब खूश. "आता कुणालाच राग येणार नाही," म्हणाले. दुसऱ्या दिवशी दोघांनाही आला. प्राध्यापक राजीनाम्याचं बोलू लागले, तू उद्घाटनाला येत नाही म्हणालास. मग साहेबांनी बराच विचार करून दोषी शोधून काढला. ती मी.

आता हुकूम असा: मधली भिंत कोरी ठेवायची, आणि मूळ वाक्य ही माझी चूक होती असं गुरुवारपर्यंत लेखी द्यायचं. नाहीतर दुसरीकडे काम बघायचं. या वयात मला दुसरीकडे कोण घेतंय? हे साहेबांना माहीत आहे आणि तुलाही.

देणार नाही. चूक असती तर दिलं असतं. आणि एवढ्यावर थांबले नाही. आमचे फलक दोन स्क्रूंवर लटकतात, कुणीही यावं आणि काढावेत. म्हणून काल रंगाऱ्याला बोलावून ते वाक्य थेट भिंतीवर ऑइलपेंटने लिहून घेतलं. तो म्हणाला, "बाई, ठाऊक नाही, तर एवढ्या मोठ्या अक्षरात कशाला?" म्हटलं, "शहरभर मोठ्या अक्षरांत जे लिहिलंय ते लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं असं वाटतं का तुम्हाला?" हसला आणि अक्षरं आणखी थोडी मोठी काढली.

'ठाऊक नाही' म्हणजे काहीही चालेल, असं मी म्हणत नाही. उजव्या भिंतीवर जे पुराव्यानिशी आहे ते आहे, त्यातली रेघही मी तुझ्यासाठी पुसणार नाही. पण जिथे पुरावा संपतो तिथे उगाच छाती काढून उभं राहायचं नाही, ना शास्त्राने, ना तू.

चिमीबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसले होते. तीन कागद त्यापायी टरकावले.

तुझी लेक गेली तेव्हा दवाखान्याच्या बाकावर मी तुझ्याशेजारी होते. येणाऱ्या प्रत्येकाकडे कारण होतं. काका म्हणाले, चांगली माणसं देवाला आवडतात. कुणी पूर्वजन्म काढला. मोठ्या डॉक्टरांनी तर एवढे जड शब्द टाकले की ते उचलायला माणूस लागावा. आणि मग तो नवखा, दाढी न केलेला डॉक्टर तुझ्यापुढे उकिडवा बसला. "का गेली ते मला ठाऊक नाही," म्हणाला. "आम्ही शोधलं. सापडलं नाही." तू त्याचा हात धरून रडलास. तोवर तू रडला नव्हतास. नंतर मला म्हणालास, "ठमे, हा एकटाच माझ्याशी खरं बोलला."

वर्षभरात तू प्रवचनं सुरू केलीस आणि तेव्हापासून तुला सगळं ठाऊक आहे. मी कधी चकार शब्द काढला नाही. बुडत्या माणसाने काय धरावं हे काठावरच्याने सांगू नये. डावी भिंत मी थट्टेने लिहिलेली नाही, हे तूच वाचून म्हणालास. ती तुझी. उजवी प्राध्यापकांची. पण मधली त्या डॉक्टर पोराची आहे, दादा, आणि तिच्यापुढे खरवडणी घेऊन तू उभा राहतोस, हे मला साहेबांच्या हुकुमापेक्षा जास्त लागलं.

गुरुवारी मी काहीही लिहून देणार नाही. राजीनामासुद्धा नाही. काढायचं तर त्यांनीच काढावं, आणि कारण लेखी द्यावं.

रविवारी ये. नोकरीत असले तर दारात भेटेन, नसले तर तिकीट काढून आत येईन. भिंत खरवडली असली, तरी तिच्यापुढे उभी राहून वाक्य मोठ्याने म्हणेन, तुझ्या सगळ्या श्रोत्यांसमोर. माझा आवाज तुझ्याइतका कमावलेला नाही. पण मागच्या रांगेपर्यंत पोचतो.

वहिनीला नमस्कार. या खेपेला आशीर्वाद मागत नाही. शेजारी येऊन उभा राहिलास तर पुरे.

तुझी,
ठमी