चिलापीची वही

३ नोव्हेंबर
कॉलेज सोडलं! सर भर वर्गात म्हणाले, ‘‘झांबेझीच्या काठी जन्मलास आणि चिलापी माशाचा नर कुठला, मादी कुठली ते कळत नाही?’’ सगळे हसले. तसाच उठलो, बस धरली. आईनं बुहोबेचा, मक्याच्या घट्ट उकडीचा, गोळा वाढला. खरं कारण गावातली सेपिसो. तिच्यावाचून तिथं जीवच रमत नव्हता — पण हे आईला कोण सांगणार?

९ नोव्हेंबर
पाणी उतरलंय. उथळ वाळूत नरांचे खड्डे दिसतात, तोंडानं उपसलेले, परातीएवढाले. प्रत्येक नर काळाकुट्ट होऊन शेजाऱ्याच्या अंगावर धावतो. मादी येते, खड्डा पटला तर अंडी घालते, ती तोंडात घेते आणि चालती होते. नर तिथंच. मूर्ख जात!

१० नोव्हेंबर
सेपिसोसाठी काठावर लव्हाळ्याची झोपडी बांधायला घेतली.

१७ नोव्हेंबर
गावातल्याच लुबिंदानं माझ्या झोपडीशेजारीच झोपडी उभारली. तीही सेपिसोसाठी! मी त्याचा खांब उपटला, त्यानं माझा. ओठ फुटलाय. सेपिसो पाण्याला आली होती. जरा वेळ बघत उभी राहिली, मग घागर भरून गेली. मला बघत होती — शंकाच नाही.

२४ नोव्हेंबर
आली! झोपडीत आली! छप्पर बघितलं नाही, दार बघितलं नाही. म्हणाली, ‘‘प्राध्यापक, अंडी तोंडात असताना मादी किती दिवस उपाशी राहते?’’ दोन तास सांगत होतो. मुलगी अंड्यापिल्लांचं विचारतेय, आणखी काय हवं? कॉलेजची वही मागितली. देऊन टाकली.

६ जानेवारी
सेपिसो गेली. त्याच कॉलेजात, मी रिकाम्या केलेल्या जागेवर. वहीसकट. अर्ज म्हणे तिनं नोव्हेंबरातच भरला होता.

२ फेब्रुवारी
पूर चढला. दोन्ही झोपड्या गेल्या. लुबिंदा आणि मी उंचावर बसून बघत होतो. भांडायला काही उरलं नाही.

१४ फेब्रुवारी
सेपिसोचा मेसेज आला! ‘‘वही पिल्लं तोंडाबाहेर येतात तिथं संपते. पुढचं कुठंय?’’
पुढचं मीच शिकलो नाही. जेवताना आईला विचारलं. ती म्हणाली, ‘‘घाबरली की धावत आईच्या तोंडात शिरतात. आई घेते. मग एक दिवस तोंड उघडत नाही.’’
आणि मी ताट पुढं केलं तसं बुहोबेच्या भांड्यावर झाकण ठेवलं.