चार नंबरचा आदर्श सेन्सर

३ मार्च, सकाळी सात
चार नंबरच्या टाकीत आत्ता तेल किती आहे? मला सांगता येत नाही. बाबांनाही नाही, ते अजून अर्ध्या जिन्यावर आहेत. छप्पन्न पायऱ्या. वर पोचलं की टाक्यांना जोडणाऱ्या पुलावरून सहाही टाक्यांत टेप सोडायची, आकडा रजिस्टरात लिहायचा. एकतीस वर्षं हेच. उजव्या गुडघ्याची पार वाट लागली आहे. घरातली पहिली पदवी माझी, आणि ती या पायऱ्यांवरच उभी आहे. आता त्याच कारखान्यात मी वायरलेस सेन्सर बसवणार. तेलाची उंची ऑफिसातल्या स्क्रीनवर दिसेल.
संकल्प: बाबांच्या पायऱ्या शून्य.

६ मार्च
फिटरने सहाही सेन्सर बसवले. साहेबांची अट: दहा दिवस स्क्रीन आणि टेप जुळली, तरच टेप बंद. तोवर बाबांनी सकाळ-संध्याकाळ चढायचं. म्हणजे एकदाऐवजी दोनदा. तात्पुरतं आहे.

९ मार्च
दोन आणि पाच नंबर रोज अकराला गायब. कारण सापडलं: टँकर मध्ये उभे राहतात, लोखंडातून सिग्नल जात नाही. ड्रायव्हरांना शास्त्रीय कारण सांगून गाड्या हलवायची विनंती केली. एक म्हणाला, ताई, मी वजनकाट्याच्या रांगेत आहे, सिग्नललाच सांगा ना जरा वळसा घालायला. बाकीचे हसले. मीही हसले. कामावर खेळीमेळी हवी.
हेल्पलाइन म्हणते, सेन्सर बंद करून परत सुरू करा. बटण टाकीच्या डोक्यावर. बाबा तिसऱ्यांदा चढले. मी गेले असते, पण खाली स्क्रीनकडे कोण बघणार?
चार नंबर मात्र आदर्श. तीन दिवस ६.४० मीटर. एक मिलिमीटर इकडचा तिकडे नाही.

११ मार्च
आई बाबांचा गुडघा शेकत होती. म्हणाली, तू कॉलेजात होतीस तेव्हा हे दिवसातून एकदाच चढायचे. मी तिला दूरगामी फायदे समजावले. तिने शेकायची पिशवी माझ्या हातात दिली आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

१२ मार्च
चार नंबरला बाबांची टेप २.१० म्हणते. स्क्रीन ६.४०. बाबांना म्हटलं, टेप जुनी, हात माणसाचा, चूक होणारच. त्यांनी टेप पुसून पुन्हा एकदा वाचली. मग, असेल बाळा, शिकलेली तू आहेस, म्हणाले आणि पुन्हा चढले. आज चौथ्यांदा.

१३ मार्च
जुळलं! सहाही टाक्या! साहेब खूश. दहा दिवसांचं बघू नंतर, म्हणाले. उद्या चार नंबरमधून तीन टँकर भरायचे, फक्त माझ्या स्क्रीनच्या भरवशावर.

१४ मार्च, दुपार
पहिला टँकर भरला. दुसरा अर्धा झाला आणि पंप खाकरायला लागला. स्क्रीन: ६.४०. बाबा लंगडत आले, कमरेच्या उंचीवर टाकी बोटाने वाजवली. ठण्ण. वाकून गुडघ्याच्या उंचीवर. ठण्ण. बंद करा पंप, जळेल, म्हणून ओरडले.
फिटरने झाकण उघडून पाहिलं. सेन्सर तेल बघतच नव्हता. आतल्या शिडीची एक आडवी पट्टी बघत होता. पट्टी बरोबर ६.४० वर आहे. म्हणजे मोजमाप अचूक होतं.
साहेबांनी रजिस्टर मागवलं. चार नंबरसमोर बाबांच्या अक्षरात ६.४०. साहेब म्हणाले, एकतीस वर्षांत तुमचा आकडा कधी चुकला नाही, आता काय झालं? बाबा म्हणाले, नजर कमी झाली साहेब, नीट वाचलं नाही.
मी तिथेच उभी होते.

संध्याकाळ
बाबांचा शर्ट धुवायला घेतला. खिशात छोटी वही. १३ मार्च, चार नंबर, टेप: १.३५. पुढे बारीक अक्षरात: पोरगी म्हणते ६.४०.

१५ मार्च, सकाळी आठ
सात वाजता साहेबांना लेखी देऊन आले: बाबांची नजर ठीक आहे, चूक माझी. मग बाबांच्या पिशवीतून टेप काढून घेतली आणि चढले. पहिल्या तीस पायऱ्या कठड्याला मिठी मारून, पुढच्या जवळजवळ रांगत. चार नंबर: ०.२२. वरून फोनवर सांगितलं, बाबांनी खाली खुर्चीत बसून लिहिलं. मध्ये वायर नव्हती.
काट्याच्या रांगेतून तोच ड्रायव्हर ओरडला, ताई, रेंज आहे का वर?
बाबांच्या पायऱ्या: शून्य.