रॅकमधली पहिली नळी

प्रिय ठमे,

पत्र बघून दचकू नकोस. तुझ्या माझ्या तब्येतीचा विषय निघाला की तू फोन ठेवतेस, आणि आज मला शेवटपर्यंत बोलायचं आहे.

आमच्या प्रयोगशाळेतलं काम तुला ठाऊकच आहे. पेशी मरतात तेव्हा त्यांच्यातला डीएनए तुटून रक्तात येतो. शरीरात गाठ असेल तर तो बरेचदा वाढतो. स्तनाच्या कर्करोगाची चाहूल त्यावरून लागते का, हे आम्ही बघतो. तुलनेला निरोगी बायकांचं रक्त लागतं, आणि ऐनवेळी कोणी मिळालं नाही की बाही वर सारते ती मीच. गेली नऊ वर्षं माझ्या रक्ताची नळी ‘निरोगी’ म्हणून रॅकमध्ये पहिली उभी असते. तू मात्र शाळेत नर्सबाई आल्या की पाण्याच्या टाकीमागे दडायचीस, आणि तुला कान धरून आणायचं काम माझ्याकडे असायचं.

गेल्या महिन्यात माझ्याच नळीतल्या डीएनएचा आकडा चढा आला. रक्त जास्त वेळ तसंच राहिलं की पांढऱ्या पेशी फुटतात आणि आकडा फुगतो, म्हणून आधी मी स्वतःच्या वेंधळेपणाला चार शिव्या घातल्या. घड्याळ लावून पुन्हा रक्त काढलं, तरी तेच. मग मशीनवर खापर फोडलं. दुरुस्तीवाला दिवसभर खपला. मशीन ठणठणीत निघालं. सगळ्यांवर संशय घेऊन झाला, आकडा खरा असेल हे काही माझ्या डोक्यात येईना. शेवटी आमच्या मोठ्या मॅडम मला हाताला धरून शेजारच्या, रुग्णालयाच्या इमारतीत घेऊन गेल्या. नुसत्या आकड्यावरून काही ठरत नाही, पण मॅमोग्राफीत गाठ दिसली. वाटाण्याएवढी. तुकडा तपासला. कर्करोगच आहे.

लवकर सापडलाय, गं. गुरुवारी ऑपरेशन आहे. माझं रडून झालंय आणि जेवणही नीट चाललंय.

हे कसंबसं फोनवरही सांगता आलं असतं. पण मागच्या खेपेला अंघोळीहून आल्यावर तू म्हणाली होतीस, काखेजवळ काहीतरी हाताला लागतंय. आणि नऊ वर्षं हेच काम करणाऱ्या तुझ्या बहिणीने ते हसण्यावारी नेलं. त्या दिवसापासून तूही ते कोणाला दाखवलं नाहीस, मला माहीत आहे. माझं चुकलं, ठमे. बुधवारी सकाळी दहाची, त्याच इमारतीतली तपासणीची वेळ तुझ्यासाठी घेतली आहे. मी दारातच उभी असेन. त्या इमारतीत लपायला कुठेही जागा नाही, मी सगळे मजले फिरून बघितलेत.

तुझा कान धरणारी, तुझीच,
ताई