पिशवी काढायची की नाही

१२ जानेवारी १९९१
आज गोदामात पडले. जीन्सच्या गठ्ठ्यांमागे दोन मिनिटं टेकले होते, पुढचं आठवत नाही. डोळे उघडले तर शेठची बायको, भाभी, तोंडावर पाणी मारत होती. "वनिता, तू मर जाएगी मेरे गोदाम में. किसको जवाब दूँ मैं?" पाळीचा दुसरा दिवस. दुखणं सोळा आणे. सगळा परकर भरलेला. भाभीने स्वतःची शाल माझ्या कमरेला बांधली, रिक्षात घातलं आणि कॅम्प पाचच्या वस्तीतल्या तिच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. इंजेक्शन. सोनोग्राफी बुधवारी.
घरी यांना सांगितलं, चक्कर आली. एवढंच.

१४ जानेवारी
संक्रांत. शेजारच्या कुलकर्णी काकू हळदीकुंकवाला बोलवायला आल्या. पांघरुणातूनच "येते" म्हटलं. गेले नाही. बसता येत नाही. संडासला जायची भीती वाटते, आत कोणीतरी काच फिरवतं. काल तिथेच पदर तोंडात कोंबून बसले होते. बाहेर लाइन लागलेली, कोणीतरी कडी वाजवत होतं.

१६ जानेवारी
डाव्या बाजूला गाठ. लिंबाएवढी. शहाऐंशी साली उजवा बीजकोश काढला तेव्हाही अशीच होती. हिला चॉकलेटची गाठ म्हणतात. चॉकलेट! आत जुनं रक्त साठून तसं दिसतं म्हणे. आतडंही चिकटलंय. बाई सरळ बोलल्या. गोळ्या नकोत, परत नुसती गाठ काढून उपयोग नाही, गर्भपिशवी आणि उरलेला बीजकोश, सगळं काढायचं. मला अजून तेहतीस पूर्ण नाहीत.
मी विचारलं, "मूल?"
त्या म्हणाल्या, "होईल असं मी सांगू शकत नाही. होणारच नाही, असंही सांगू शकत नाही."
हे दुसरं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. शहाडपर्यंत रिक्षाने, तिथून घरी, तेच डोक्यात.

१७ जानेवारी
यांना सांगितलं. सेकंड शिफ्टला निघाले होते, डबा हातात. खाली बसले. मग डबा उघडून आत बघितलं आणि परत बंद केला. "आईला नको सांगू." बस. गेले.
नऊ वर्षं झाली लग्नाला. या माणसाच्या मनात काय चाललंय ते मला अजून कळत नाही.

२० जानेवारी
आज म्हणाले, "त्या गोळ्या परत घेऊन बघितल्या तर?"
त्या गोळ्या. शहाऐंशीच्या ऑपरेशननंतर सहा महिने घेतल्या. पाळी नव्हती, दुखणं नव्हतं, खरं आहे. हनुवटीवर केस आले. आवाज घोगरा झाला. डॉक्टर तेव्हा म्हणाले होते गोळ्या थांबल्या की येईल परत. केस गेले. आवाज नाही आला. फोनवर माणसं मला "भाऊ" म्हणतात. माझी आई पंचक्रोशीतली धवलारीण, लग्नाची गाणी गाणारी. आगऱ्यांच्या कुठल्याही लग्नात मांडवात पहिला धवला तिचा, आणि तिच्यामागे माझा. दहा वर्षांची असल्यापासून. ते संपलं.
मी म्हटलं, "तुम्ही घ्या गोळ्या."
हसले नाहीत. मीही नाही.

२५ जानेवारी
दुखणं चार आणे. कामावर गेले. भाभीने चेकिंगच्या टेबलाजवळ माझ्यासाठी स्टूल ठेवलंय. उभ्याने करायचं काम आहे, बाकीच्या पोरी बघतात. जेवणाच्या सुट्टीत तिने स्वतःचं सांगितलं. छत्तिसाव्या वर्षी पिशवी काढली. "जान छूटी मेरी. अब तो मंदिर में भी कभी भी जाओ, कोई टेन्शन नहीं." तिला तीन मुलं. मी नुसती मान हलवली. मग तिने तिच्या डब्यातली कढी माझ्या वाटीत ओतली.

८ फेब्रुवारी
आली. पहाटेपासून. सोळा आणे. चार वेळा उलटी. हे घरी होते. मोरीत माझं डोकं धरून बसले. नळाचं पाणी जाणार होतं तरी भरायला उठले नाहीत, दिवसभर पाणी नव्हतं घरात. एवढं करतात. मग बोलत का नाहीत.

९ फेब्रुवारी
तेच. कधीकधी वाटतं उद्या जाग येऊच नये. हे इथे लिहिते, कोणाला बोलत नाही. मरायचं नाही मला. पण हे असंच अजून पंधरा-वीस वर्षं म्हटल्यावर…

१३ फेब्रुवारी
सासूबाई आल्या वांगणीहून. कोणी सांगितलं माहीत नाही. तांदळाची पिशवी उतरवून बसल्या, पाणी प्यायल्या, मग शांतपणे म्हणाल्या. रागाने नाही. रागाने बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.
"तुजी पिशवी कारायची तं कार गो. जीवापरीस काय मोठा नाय. पन मंग त्याना दुसरी करून दे. तुना कोन घराभायेर कारत नाय. तू पन रव हितंच."
हे दाराशी बुटाच्या नाड्या बांधत होते. मी यांच्याकडे बघत राहिले. नाड्या बांधून झाल्या, तरी वाकलेलेच.
मग म्हणाले, "आई, तुझी एसटी चुकेल."

१४ फेब्रुवारी
"नाही" म्हणाले नाहीत. काल दिवसभर वाट पाहिली. आज पाहिली. भाजी कशी झाली, रॉकेल कधी मिळणार, पंखा आवाज करतो. सगळं बोलले.

१५ फेब्रुवारी
मीच विचारलं. "तुमच्या मनात आहे का दुसरी?"
"वेडी आहेस का."
हे उत्तर नाही. पण परत विचारायची हिंमत झाली नाही.

२३ फेब्रुवारी
माहेरी आले. बदलापूरच्या पुढे बारवी धरणाच्या वाटेवर आमचं घर. काकाच्या पोरीची हळद. मांडवात आई गायला बसली, मी नेहमीसारखी मागे. सवयीने तोंड उघडलं आणि तो आवाज निघाला. बाया वळून बघायला लागल्या. एक लहान मुलगी हसली. मी उठून परसात गेले, चुलीजवळ, जिथे बाप्ये भाताच्या टोपाशी होते. धुराने डोळ्यात पाणी आलं म्हणायला बरं.

२४ फेब्रुवारी
हे नीट लिहून ठेवलं पाहिजे.
सकाळी आई म्हणाली, चल, शेतावर जाऊ. बांधावर बसलो. मी सगळं सांगितलं. गाठ, बाईंचं दुसरं वाक्य, सासूबाई, नाड्या. ती गवत उपटत ऐकत होती. मग म्हणाली,
"तुजी मावशी."
मावशी मी सहा वर्षांची असताना गेली. विहिरीवर पाय घसरला, एवढंच आम्हाला माहीत.
"पाय नवता घसरला बाय. तिचा पोट दुकाचा. दर म्हैन्याला. जनावरासारी वरडाची. सासू बोलाची सोंग करते, देव झाला, अंगात आला. माज्याकडं आलेली आदल्या दिवशी. माना बोलली, आक्का, माना नाय सोसत. मी तिला बोलली, बाईचा जलम हाय, सोसाचा. भाकर खाल्ली नि गेली."
गवताची अजून एक जुडी उपटली. मग:
"तुजा आवाज गेला तवा पन मी गप बसली. कार ती पिशवी. पोर नाय तं नाय. माना पोर हाय ना, ती रवली पायजे."
आई माझ्यासमोर कधी रडली नव्हती. आजही नाही रडली. नुसती त्या गवताच्या मुळांची माती झटकत राहिली.

२६ फेब्रुवारी
कॅम्प पाचला जाऊन तारीख घेतली. १४ मार्च. एकटीच गेले. बाई म्हणाल्या, नवऱ्याची सही लागेल. मी म्हटलं, पोट माझं आहे. त्या म्हणाल्या, "मला कळतं. तरी लागेल." फॉर्म दिला. यांच्या उशीखाली ठेवला.

१ मार्च
फॉर्म कपाटात सापडला, माझ्या साड्यांच्या घडीत. सही केलेली. कधी केली माहीत नाही. सही अगदी नीट, पगाराच्या रजिस्टरवर करतात तशी. मी तासभर ती सही बघत बसले. माझ्यासाठी केली, की दुसरीसाठी वाट मोकळी केली?

६ मार्च
पाळी आली. दुखणं दोन आणे. दोन!
मी थांबून थांबून वाट बघतेय की आता येईल कळ. भाकऱ्या केल्या. दोन बादल्या उचलल्या. काही नाही.

७ मार्च
आजही नाही. चौदा-पंधरा वर्षांत असं झालं नव्हतं. यांना सांगायचं नव्हतं, पण चेहऱ्यावरून ओळखलं. कामावरून येताना मोगऱ्याचा गजरा. म्हणाले, "बघ, कदाचित आपोआपच…" वाक्य पुरं केलं नाही. मीही मनात तेच म्हणत होते, याचाच राग आला. गजरा घातला नाही. मग घातला.

८ मार्च
बाईंकडे धावत गेले. परत सोनोग्राफी केली. "एखाद्या महिन्यात असं होतं. गाठ तेवढीच आहे, थोडी मोठीच. पुढच्या महिन्याचं मी सांगू शकत नाही." मी विचारलं, तुम्ही माझ्या जागी असता तर? म्हणाल्या, "मला दोन मुली आहेत. मी तुमच्या जागी नाही."
त्यांचा राग यायला हवा होता. उलट बरं वाटलं. एवढं खरं मला कोणी बोललं नव्हतं.

१० मार्च
भाभी म्हणते ऑपरेशन कर. आई म्हणते कर. सासूबाईंचा निरोप, देवीला कौल लावला, थांब म्हणते. सगळ्यांना माहीत आहे. मला सोडून.
रात्री बरी झोप लागते. दुखत नाही ना. न दुखणारी बाई कशी असते ते विसरले होते. पदर खोचून झाडते, चढते, उतरते. हीच मी असते तर पोर सांभाळलं असतं. या एका बीजकोशात अजून एक असेल तर. एकच. आणि चार दिवसांनी मी तो बशीत ठेवायला देणार.
आणि मावशी.

१२ मार्च
उद्या संध्याकाळी भरती व्हायचं. आज अकरापर्यंत फोन करून हो की नाही सांगायचंय, रक्ताची बाटली सांगून ठेवावी लागते.
सकाळी हे कामावर गेले नाहीत. मी चहा ठेवला. स्टोव्हकडे बघत म्हणाले, "मला मूल पाहिजे होतं. अजून पाहिजे. खोटं नाही बोलत."
मी चहात साखर टाकली.
"दुसरी नको. आईला काल जाऊन सांगून आलो. ती बोलत नाही माझ्याशी."
मग म्हणाले, "पण त्या दिवशी मोरीत तुझं डोकं धरलं होतं ना. तू मला ओळखत नव्हतीस. डोळे उघडे, आणि ओळखत नव्हतीस. ते परत बघायचं माझ्यात नाही."
"म्हणजे करू?"
"ते मी सांगणार नाही. मी सांगितलं तर उद्या तू मला जबाबदार धरशील. नाही केलंस तरी धरशील."
खरं आहे, धरेन. हे सगळं दोन वर्षांपूर्वी बोलले असते तर मी या माणसाच्या कुशीत पडून रडले असते. आता नुसता चहा गाळला. पण दोघांचा एकाच वेळी, समोरासमोर बसून प्यायलो. खूप दिवसांनी.

सव्वादहा. खालच्या दुकानात फोन आहे. हे म्हणाले बरोबर येतो, मी नको म्हटलं. चपला घातल्यात, उभ्यानेच लिहितेय. बाईंचा नंबर हातावर लिहून घेतलाय. घाम येतोय तळव्याला, नंबर पुसला जायच्या आत गेलं पाहिजे. पोटात काही दुखत नाही आज. अजिबात नाही. जरा दुखलं असतं तर…