गोदेचं पुस्तक परत आलं

अमरावती, माघ वद्य, बुधवार, शके १७८५

माझ्या गोदेच्या लग्नात रुखवतावर ठेवलेलं गोष्टींचं पुस्तक आज तिच्या सासरहून, अकोल्याहून, परत आलं. त्यांच्या गाडीवान रहीमभाईबरोबर विहीणबाईंचा निरोप, "शाळेतल्या पोरांचं पुस्तक चुकून आमच्याकडं आलं." चुकून! अकराव्या वर्षी मुलांना काय वाचायला द्यावं, हे साऱ्या गावाला मी सांगतो. आणि पोटच्या पोरीसाठी निवडलं ते चुकून?

हरिणीच्या गोष्टीत खुणेला कापसाची वात ठेवलेली. पारधी जाळं ओढतो, तिथवर वाचलंन् पोरीनं. पुढचं राहिलं.

रहीमभाई बाजारात कापूस उतरवून परत अकोल्याला निघालाच होता. त्याला ती वात दाखवली. म्हणाला, "मास्तर, पुढची गोष्ट मले सांगा. मी सांगतो पोरीले."

"नवी सून तुझ्यासमोर येईल का रे?"

"नाई येत. मी आंगनात बैलायले सांगीन, मोठ्यानं. दाराआड तिले आयकू येईन."

कापसाच्या भावाशिवाय जिथं दुसरा शब्द ऐकू येत नाही, त्या बाजारात उभं राहून मी त्याला सगळी गोष्ट सांगितली. हरिणी जाळं तोडून आपल्या रानात, आईपाशी परत जाते, इथपर्यंत.

मघापासून ती वात बोटांत धरून बसलो आहे. शेवट तेवढा सांगू नकोस, असं म्हणायला हवं होतं का? दाराआड उभी राहून ऐकेल पोर.

गाडी तर केव्हाच गेली.